पाण्याचा रकाना

गेल्या वर्षीची गोष्ट. सकाळचे पावणेसात. निवड चाचणीची वजनं सुरू होती. शाळेच्या व्हरांड्यात काटा, टेबलावर रजिस्टर आणि भिंतीला लागून मुलींची रांग. आमच्या तालमीची पोर पाचवी. काट्यावर चढली, ४८.९ आलं. ४९ किलोच्या गटात बसली. उतरताना तिनं माझ्याकडं बघून हसायचा प्रयत्न केला आणि तिथंच खाली आली. धाडकन पडली नाही, दोरीवरून ओला टॉवेल घसरावा तशी घसरली.

मी तिला सावलीत घेतलं. ओठांवर पांढरी साल आली होती. नाडी मोजली तर १३०. काखेत हात घातला तर कोरडी. जून महिना, दमट हवा, माझा स्वतःचा कुर्ता पाठीला चिकटलेला, आणि सोळा वर्षांच्या पैलवान मुलीच्या काखेत घामाचा थेंब नाही. तिथं डॉक्टर नव्हते, रुग्णवाहिका नव्हती. पर्समध्ये ओआरएसच्या दोन पुड्या होत्या त्या कालवून चमच्याचमच्यानं पाजल्या आणि रिक्षा बोलावली. रिक्षात बसवताना आयोजकांपैकी एक जण आला. "मॅडम, ही खेळणार आहे का? ड्रॉ काढायचाय."

तो माणूस वाईट नव्हता. त्याच्या हातात यादी होती आणि त्या सकाळी त्याचं काम यादी पुरी करणं एवढंच होतं. पण पोरीचं काय झालंय हे बघणं तिथं कुणाचंच काम नव्हतं. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

मी कराडमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. दवाखाना दहाला उघडते. त्याआधी आठवड्यातून तीन दिवस तालमीत जाते. तिथले वस्ताद, आबा, चौसष्ट वर्षांचे. मातीतले जुने पैलवान, दोन्ही कान मोडलेले. मुलींना तालमीत घेतलं म्हणून एकेकाळी गावाचं बरंच ऐकून घेतलं त्यांनी. त्यांच्याकडं चौदा मुलं आणि नऊ मुली आहेत. गुडघा, खांदा, मान, मुरगळलेला घोटा हे माझं रोजचं काम. पण त्या सकाळी जे झालं ते गुडघ्याचं नव्हतं.

सलाइन लागल्यावर दुपारी पोर बोलायला लागली. नेहमीचं वजन साडेबावन्न. पाच दिवसांत साडेतीन किलो तोडलं. तीन दिवस भाकरी बंद, फक्त काकडी आणि उकडलेलं अंडं. दुपारच्या उन्हात दोन स्वेटर आणि आत खताची प्लॅस्टिकची पिशवी कापून घातलेली, तसं धावायचं. शेवटचे अठरा तास पाणी नाही. आणि मेडिकलमधून आणलेली लघवी होण्याची एक गोळी, कुणातरी सीनियर मुलीनं सांगितली म्हणून. या गोळ्या लघवी पातळ करून दुसरी औषधं लपवू शकतात, म्हणून जागतिक उत्तेजक विरोधी संस्थेच्या बंदीच्या यादीत आहेत. त्या दिवशी उत्तेजक चाचणी झाली असती तर पोरगी वजनात बसूनही बाद ठरली असती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"ताई, तुम्ही नको म्हणाला असता."

म्हणजे मी नको म्हणेन हे तिला ठाऊक होतं. माझ्या नकोला कुणी किंमत देणार नाही, हेही ठाऊक होतं. मग सांगून उपयोग काय, असा तिचा हिशोब. तो बरोबरच होता, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

२०१८ मध्ये मी अमेरिकेत होते, ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत. मध्यपश्चिमेकडच्या एका विद्यापीठात क्रीडा पुनर्वसन शिकायला, निरीक्षक म्हणून. कुस्तीचा मोठा संघ होता. मला वाटलं होतं तिथं काहीतरी अचाट यंत्रं असतील. यंत्रं होतीच, बर्फाच्या पाण्याचे हौद होते, पाण्याखालची ट्रेडमिल होती. पण माझ्या मनात राहिली ती एक वीतभर लांबीची नळी. रिफ्रॅक्टोमीटर.

हंगाम सुरू होण्याआधीची सकाळ. सगळे पैलवान हातात स्वतःच्या लघवीचा प्लॅस्टिकचा कप घेऊन रांगेत. संघाची अ‍ॅथलेटिक ट्रेनर, म्हणजे खेळाडूंची तब्येत आणि दुखापती बघणारी, माझ्याच वयाची बाई, प्रत्येक कपातले दोन थेंब त्या नळीच्या तिरक्या काचेवर टाकायची, झडप लावायची आणि खिडकीकडं धरून डोळा लावायची. मलाही बघायला दिलं. आत वरचा भाग निळा, खालचा पांढरा, आणि दोन्ही रंग जिथं मिळतात तिथं लघवी किती दाट आहे त्याचा आकडा. १.०२० किंवा त्याखाली असेल तर शरीरात पाणी पुरेसं आहे. वर असेल तर घरी जा, पाणी पी, पुन्हा ये. कप पास झाल्यावरच वजन आणि चरबीचं मोजमाप. त्यावरून ठरतं की हा पैलवान या हंगामात कमीत कमी किती वजनाला खेळू शकतो. त्याच्या खालच्या गटात त्याला उतरताच येत नाही. आणि तिथपर्यंत पोचायचं तरी आठवड्याला शरीराच्या दीड टक्क्यापेक्षा जास्त वजन उतरवायचं नाही.

माझ्या पोरीचा हिशोब मी नंतर मांडला. साडेबावन्नचा दीड टक्का म्हणजे आठवड्याला जेमतेम आठशे ग्रॅम. साडेतीन किलोला साडेचार आठवडे हवेत. तिनं ते पाच दिवसांत केलं.

हा नियम तिकडं कुणाच्या शहाणपणातून आपोआप आला नाही. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत तीन वेगवेगळ्या कॉलेजांचे तीन पैलवान साधारण महिनाभरात वजन तोडताना मेले. अंगात हवा जाणार नाही असे सूट घालून, गरम जागेत घाम गाळत होते. शरीरातलं पाणी गेलं की रक्त घट्ट होतं, हृदय जोरात पळतं, घाम थांबतो, आणि घाम थांबला की आतली उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. ताप चढत जातो. तीन घरांतली तीन मुलं गेल्यावर तिथल्या कॉलेज क्रीडा संघटनेनं रबरी सूट आणि सौना बंद केले, वजन कुस्तीच्या अगदी तोंडावर घ्यायचा नियम केला आणि त्या कपांची रांग सुरू झाली. रात्रभर खाऊन-पिऊन परत भरून काढायला वेळच मिळणार नसेल, तर एवढं तोडून फायदा काय, हा त्यामागचा विचार.

त्याहून मोठी गोष्ट मला तिथं दिसली ती अशी. एका मुलाच्या डोक्याला मार बसला. ट्रेनर म्हणाली, आज नाही. प्रशिक्षक तिच्याहून वीस वर्षांनी मोठा, पगार कैक पटीनं जास्त, भिंतीवर त्याचे फोटो. तो चिडला, हात उडवले, आणि गप्प बसला. मी नंतर तिला विचारलं, तुला भीती नाही वाटत? ती म्हणाली, निर्णय माझा आणि डॉक्टरचा आहे, त्याला तो बदलता येत नाही, तसा नियमच आहे. दोन घोट कॉफी पिताना सांगितलं तिनं, जणू त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आपल्याकडं मी तालमीत "आज नको" म्हटलं तर ती विनंती असते. तिकडं तो आदेश होता.

तिकडचं सगळं सोन्याचं आहे असं मात्र नाही. मी गेले त्याच वर्षी, २०१८ च्या जानेवारीत, अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली होती. उपचाराच्या नावाखाली त्यानं वर्षानुवर्षं मुलींवर अत्याचार केले. दीडशेहून जास्त मुली आणि बायका कोर्टात उभ्या राहून बोलल्या. मी गेले तेव्हा त्या भागात दुसरा विषय नव्हता. उपचाराच्या खोलीचं दार उघडं ठेवायचं, दुसरं कुणीतरी हजर हवं, कुठं हात लावणार आणि का हे आधी सांगायचं, ती नको म्हणाली तर थांबायचं, हे आमच्याकडून पाठ करून घेतलं. डॉक्टरच्या शब्दाला वजन द्यायचं तर त्या डॉक्टरवर नजर ठेवणारंही कुणीतरी पाहिजे. तालमीत मुली तपासताना मी आजही दार उघडं ठेवते आणि एका मोठ्या मुलीला शेजारी बसवते. आबांना सुरुवातीला हे विचित्र वाटलं. कारण सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच दाराला एक चांगला पडदा लावून घेतला, वाऱ्यानं हलणारा, पण कडी नसलेला.

आणि विमा. त्या गावात कॉलेज संपून पाच-सहा वर्षं झालेला एक पैलवान गोदामात कामाला होता. खांदा वारंवार निखळायचा. कॉलेजात असता तर दुसऱ्या दिवशी एमआरआय झाला असता. आता विमा नव्हता म्हणून तो खांदा तसाच घेऊन खोकी उचलत होता. अंगात जर्सी असेपर्यंत सगळे शेजारी, जर्सी उतरली की कुणी नाही. आपल्या गावोगावच्या म्हाताऱ्या पैलवानांचे गुडघे मी रोज बघते, त्यामुळं ही गोष्ट मला परकी वाटली नाही.

जपानला मी गेलेले नाही, पण त्यांच्या व्यवस्थेबद्दल वाचताना हेवा वाटतो. टोकियोत २००१ मध्ये क्रीडाविज्ञान संस्था उभी राहिली, २००८ मध्ये तिच्या शेजारीच राष्ट्रीय सराव केंद्र. सराव, दवाखाना, आहारतज्ज्ञ सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. ऑस्ट्रेलियाला १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये एकही सुवर्ण मिळालं नाही, त्याची लाज वाटून त्यांनी १९८१ मध्ये कॅनबेराला राष्ट्रीय संस्था काढली. आपल्याकडंही वरच्या पायरीवर आता बरंच काही मिळतं, ते नाकारून चालणार नाही. नीरज चोप्राच्या कोपरावर २०१९ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि दोन वर्षांनी त्यानं टोकियोत सुवर्ण आणलं. मीराबाई चानूला खांद्या-पाठीच्या दुखण्यासाठी अमेरिकेत सेंट लुईसला पाठवलं होतं, तिनं त्याच टोकियोत रौप्य घेतलं. पण त्या पायरीवर पोचायच्या आधीच्या वीस पायऱ्यांवर काय आहे? व्हरांड्यातला काटा आणि रजिस्टर.

एक गोष्ट मधेच सांगते, कारण ती मला कायम अस्वस्थ करते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये क्रीडाग्रामच्या दवाखान्यात दात दाखवायला आलेल्या ३०२ खेळाडूंची तपासणी झाली. ५५ टक्क्यांचे दात किडलेले होते. १८ टक्के म्हणाले की दातांमुळं आमच्या सरावावर किंवा खेळावर परिणाम झाला. ऑलिंपिकपर्यंत पोचलेले हे खेळाडू! तिथं चष्म्यापासून दातांपर्यंत सगळं फुकट होतं, म्हणून कित्येक जण तिथंच दात दाखवायला आले. हे वाचल्यापासून मी तालमीत नवीन पोर आलं की गुडघ्याच्या आधी तोंड उघडायला लावते. गोड थंडाई पिऊन तसंच झोपणारी मुलं, निम्म्यांच्या दाढा काळ्या. दाढ ठणकत असेल तर पोरगं नीट जेवणार कसं आणि खुराक अंगी लागणार कसा?

पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी एका रात्री आबांचा फोन आला होता. ७ ऑगस्ट २०२४. विनेश फोगाट शंभर ग्रॅमसाठी बाद झाली होती.

"शंभर ग्रॅम म्हंजी एक पेरूबी न्हाई, पोरी," एवढंच बोलले आणि फोन तसाच धरून राहिले.

आदल्या दिवशी सकाळी तिचं वजन ५० च्या आत होतं. मग तीन कुस्त्या. पहिल्याच कुस्तीत तिनं जपानच्या युई सुसाकीला हरवलं, जिला तोवर कुणी परदेशी पैलवान हरवू शकली नव्हती. मधे खाणं-पाणी झालं, आणि संध्याकाळी वजन २.७ किलो जास्त. रात्रभर घाम काढला, शेवटी केस कापले, तरी शंभर ग्रॅम राहिलेच. जागतिक संघटनेनं २०१८ पासून एका गटाच्या कुस्त्या दोन दिवसांत घ्यायला सुरुवात केली आणि दोन्ही सकाळी वजन द्यावं लागतं. त्यामुळं एकदा तोडून भागत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

नंतर आपल्याकडं सगळे डॉक्टरवर तुटून पडले. त्या रात्री जे होते त्यांनी काय केलं, काय करायला हवं होतं, यावर महिनाभर चर्चा. माझ्या मते त्या रात्री डॉक्टरच्या हातात फारसं काही उरलंच नव्हतं. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली. ती सावरत होती तेवढ्यात ५३ किलोचा ऑलिंपिक कोटा, म्हणजे त्या गटातली देशाची जागा, अंतिम पंघालनं मिळवला. विनेशला ५० मध्ये उतरावं लागलं. शस्त्रक्रियेतून उठलेल्या, ५३ ला खेळणाऱ्या बाईनं ५० ला खेळावं की नाही, हा खरा वैद्यकीय प्रश्न होता, आणि तो पॅरिसच्या कितीतरी महिने आधीचा होता. तो प्रश्न विचारण्याचा आणि उत्तर पाळायला लावण्याचा अधिकार कुणाकडं होता? पॅरिसमध्येच अमन सेहरावतनं कांस्याच्या कुस्तीआधी दहा तासांत ४.६ किलो उतरवलं, आणि आपण टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण शरीराला पदकाचं काही कळत नाही. अमनच्या शरीरानं त्या रात्री जे सोसलं तेच विनेशच्या शरीरानं सोसलं होतं.

गोळेश्वर माझ्या दवाखान्यापासून गाडीवर दहा मिनिटांवर आहे. खाशाबा जाधवांचं गाव. इथल्या प्रत्येक पोराला ते कांस्यपदक आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून उभे केलेले सात हजार रुपये पाठ असतात. मी मात्र पोरांना दुसऱ्या दोन गोष्टी सांगते. एक, १९४८ ला लंडनमध्ये खाशाबा ५२ किलोच्या फ्लायवेटला खेळले आणि सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत ते खेळले ५७ किलोच्या बँटमवेटला, आणि पदक तिथं आलं, वरच्या गटात. दुसरी, हेलसिंकीत जपानच्या इशीईबरोबरची कुस्ती संपल्या संपल्या त्यांना सोव्हिएत पैलवान ममदबेयोव्हविरुद्ध उभं केलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. तो नियम दाखवून "आमचा पैलवान आत्ता उतरणार नाही" असं सांगायला भारताचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. दमलेले खाशाबा उतरले आणि हरले.

नियम कागदावर होता. शेजारी माणूस नव्हता.

मी हे पहिल्यांदा तालमीत सांगितलं तेव्हा ती पोर पुढंच बसली होती, हाताला सलाइनच्या सुईचा निळा डाग अजून होता. तिच्याशी नंतर एकटीशी बोलले. पाच महिने पाळी आलेली नव्हती. आईला वाटत होतं, बरंच आहे, खेळताना कटकट नाही. घरी जाऊन आईला समजावलं. खाणं कमी आणि कष्ट जास्त झाले की शरीर आधी पाळी बंद करतं, मग हाडांकडनं वसूल करतं. मैदानी खेळातल्या मुलींच्या नडगीला केसाएवढ्या भेगा पडतात त्या यातूनच. ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये या सगळ्या अवस्थेला एक नाव दिलं आणि पुरुष खेळाडूंनाही ती होते हे सांगितलं. आईला नावाशी घेणंदेणं नव्हतं. तिनं विचारलं, "पुढं मूलबाळ हुईल ना हो?" मी म्हटलं, आत्ता खायला घातलंत तर काही अडचण येऊ नये. दुसऱ्या दिवसापासून डबा आला. दोन भाकरी, मटकी, दही, वर गुळाचा खडा.

आणि मी पंधराशे रुपयांचा रिफ्रॅक्टोमीटर मागवला.

पहिल्या दिवशी मुलींनी तोंडावर ओढणी घेतली, मुलगे हसत होते. आबा बाजूला उभे. पहिला कप मी माझाच तपासला, सगळ्यांसमोर. १.०२४. दवाखान्यात दिवसभर पाणी प्यायला सुचत नाही, तसं सांगून टाकलं. मग हसणं थांबलं. त्या दिवशी तेवीसपैकी सोळा जण १.०२० च्या वर निघाले. स्पर्धा नव्हती, वजन तोडायचं नव्हतं, साधा मंगळवार होता. आबांनी नळी मागून घेतली, उजेडाकडं धरली, एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले.

"हितं जे निळं-पांढरं दिसतंय, त्येच्यावर ठरवायचं व्हय पोरानं उतरायचं का न्हाई?"

"आबा, ठरवायचं तुम्ही. मी आकडा सांगीन. पण मी नको म्हटलं तर त्या दिवशी मातीत घालायचं नाही, एवढा शब्द द्या."

त्यांनी शब्द लगेच दिला नाही. तीन आठवडे लागले. मधे एका जत्रेच्या फडावर त्यांच्याच पुतण्याला उलट्या होऊन खाली बसावं लागलं, तेव्हा कुस्ती सोडून आबांनी त्याला बाहेर काढलं. परतताना गाडीत म्हणाले, "तुजं ऐकत जाईन."

पोर आता ५३ ला खेळते. १७ वर्षांखालच्या मुलींत ४९ नंतर थेट ५३ च आहे, त्यामुळं समोर उंच, दणकट मुली येतात. पुढच्या चाचणीत पहिली कुस्ती जिंकली, दुसरी गुणांवर हरली. पण शेवटच्या मिनिटाला तिचे पाय तिच्या ताब्यात होते. हरल्यावर ती रडली, आणि रडून झाल्यावर तिनं बाटलीभर पाणी प्यायलं.

तालमीत आत शिरल्यावर उजव्या भिंतीवर काळा फळा आहे. वर्षानुवर्षं त्यावर दोनच रकाने होते, नाव आणि वजन. आबांनी खडूनं तिसरा आखला आणि वर लिहिलं, पाणी. परवा सोमवारी त्यात अकरा आकडे होते. दोन नावांपुढं फुली, आणि ती दोन मुलं बाजूच्या ओट्यावर तांब्या घेऊन बसली होती. मी काही बोलायच्या आधीच बसवलेली.